खालच्या ओळी दिसेनाशा झाल्यावर

१२ जानेवारी

ताई,

साष्टांग नमस्कार लिहीत नाही. गुडघे वाकत नाहीत आणि मनही वाकत नाही. सहा वर्षांनी पत्र आलं म्हणजे मी पाघळले, असं समजू नकोस. कामापुरतं लिहिते आहे.

काम एवढंच, की डोळे तपासून घे. माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, सख्खं भावंड कोणी आहे का. मी आधी नाही म्हणाले. त्यांनी मान वर करून पाहिलं तेव्हा म्हटलं, एक बहीण आहे, सहा वर्षांनी मोठी, पण बोलणं नाही. ते म्हणाले, बोलणं नसलं तरी डोळे एकाच घरचे आहेत, त्यांना कळवा. म्हणून कळवते. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, असा हा आजार आहे आणि तो भावंडांत सापडतो. एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्याने दाराच्या चौकटीकडे बघायचं. चौकट वाकडी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

माझं विशेष काही नाही. डावा डोळा, तोही थोडासाच. अक्षर मोठं आलंय ते जाड पेनामुळे. दुसरं पेन हाताशी नव्हतं.

मला कसं कळलं तेही सांगते, तुला ऐकून बरंच वाटेल. कार्टून बघताना कळलं. तू कार्टून म्हणतेस, मी ॲनिमे म्हणते, हा वाद छत्तीस वर्षं जुना आहे, तो आज काढत नाही. पात्रं जपानीत बोलतात आणि त्यांचं बोलणं पडद्यावर खालच्या ओळींत लिहून येतं, हे तुला माहीत आहे. त्या ओळींना मधोमध भोक पडायला लागलं. पहिला शब्द दिसायचा, शेवटचा दिसायचा, मधले गिळलेले. मी टीव्हीवाल्याला बोलावलं. त्याने पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाला, बाई, टीव्ही ठणठणीत आहे.

फार बघितल्यामुळे झालं, असं तू म्हणणार. मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. तुला दाखवायला लेखी मागून घ्यायचं राहिलं.

उत्तराची अपेक्षा नाही.

तुझी धाकटी


३ फेब्रुवारी

ताई,

भिंगरीचा फोन आला. तुझी लेक लग्न होऊन सहा वर्षांची संसारी बाई झाली, तरी आवाज शाळकरीच आहे. माझं पत्र जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत तिच्या घरी पोचलं म्हणे. तू तिच्याकडे राहायला गेलीस हे मला माहीत नव्हतं. का गेलीस ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तिने तुझा निरोप सांगितला. पत्र मिळालं, हा पहिला. दुसरा असा, "आई विचारते, या वयातही तेच चाललंय का?"

डोळ्यांचं एक अक्षर नाही. मुख्याध्यापिका निवृत्त झाली तरी हजेरी घ्यायची सोडत नाही. ठीक आहे, घे उत्तर.

बावीस वर्षांची होते. दातांच्या लॅबमध्ये नुकती शिकाऊ म्हणून लागले होते. जहाजावरच्या एका इलेक्ट्रिशियनच्या दाताची कॅप मी केली, माझी पहिलीच. ती बरोब्बर बसली म्हणून खूश होऊन त्याने जपानी कार्टूनच्या तीन व्हिडिओ कॅसेट दिल्या. त्यात खालच्या ओळी नव्हत्याच. एक अक्षर कळत नव्हतं. मी माझ्या मनाने संवाद घालायचे. खूप वर्षांनी तीच गोष्ट ओळींसकट पाहिली, तेव्हा कळलं की ज्याला मी खलनायक समजत होते तो नायिकेचा बाप होता. मी तीन दिवस अस्वस्थ होते. तेव्हापासून आजपर्यंत चाललंय. मध्ये खंड नाही.

पंचविशीत लोक म्हणाले, लग्न झालं की सुटेल. तिशीत म्हणाले, म्हणूनच लग्न होत नाही. चाळिशीत म्हणाले, असू दे बापडीचा विरंगुळा. पन्नाशीत म्हणायचं सोडून दिलं आणि नुसते बघायला लागले. शेजारचे गृहस्थ रोज सहा तास बातम्या बघतात आणि टीव्हीला शिव्या घालतात. त्यांना 'या वयात' असं कोणी विचारत नाही. मी एका मुलीची गोष्ट बघते. पुरात बुडालेल्या जगात ती गावोगाव फिरून मोडलेले पूल दुरुस्त करते. चोवीस वर्षं ही मालिका थांबत थांबत चालू आहे. ती सुरू झाली तेव्हा मी पूलवालीच्या धाकट्या मावशीच्या वयाची होते, मग आईच्या वयाची झाले, आता आजीच्या वयाची आहे. ती सोळाची सोळाच. मला तिचा हेवा वाटत नाही. तिला अजून पुष्कळ पूल बांधायचे आहेत, माझे बरेच बांधून झाले.

आणि विषय निघालाच आहे तर पुढचंही लिहिते. माझी गर्भपिशवी काढली तेव्हा मी अकरा दिवस दवाखान्यात होते. झाडांना पाणी घालायला मी तुला किल्ली दिली. परत आले तेव्हा झाडं टवटवीत होती आणि भिंतीवरच्या फळ्या रिकाम्या. तीस वर्षांच्या कॅसेट, डिस्क, चित्रांच्या वह्या, चौदा खोकी भंगारवाल्याकडे गेली होती. त्या जागी तू फुलदाणी मांडली होतीस. मी टाक्यांवर हात धरून उभी होते आणि तू म्हणालीस, "भिंगरीच्या सासरची माणसं येणार आहेत. मावशी बावन्न वर्षांची आणि खोलीभर कार्टून, मी काय सांगू त्यांना?"

खरं तेच सांगायचंस. मावशी दात चांगले करते आणि तिला गोष्टी आवडतात, एवढं पुरलं असतं.

तर हो. या वयातही तेच चाललंय.

धाकटी


२१ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. मला सवय आहे. पण मी पहिल्या पत्रात खोटं लिहिलं होतं आणि ते मला टोचतंय. ते दुरुस्त करण्यापुरतं हे पत्र.

डावा डोळा थोडासा नाही, गेल्यात जमा आहे. मध्ये काळा ठिपका बसलाय, कडेकडेचं तेवढं दिसतं. उजवाही त्याच वाटेवर आहे. इंजेक्शनं चालू आहेत. डोळ्यात सुई म्हटल्यावर तू कान झाकशील, म्हणून वर्णन करत नाही. जाड पेन मी दुकानातून मागून आणलं. आता एका पानावर आठच ओळी मावतात, म्हणून पाकीट फुगलंय.

कामावर महिनाभर लपवलं. मग एका कॅपची कड चुकली आणि मालकाच्या लक्षात आलं. मालक म्हणजे मला काम शिकवणाऱ्या जुन्या मास्तरांचा पुतण्या, वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच मी ओळखलं. म्हणाला, तुम्ही खूप केलंत, आता आराम करा, घरी बसून तुमची कार्टून बघा. चांगल्या मनाने म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

मी म्हटलं, एक पूर्ण कवळी लावायला द्या. त्याने दिली. प्लास्टरचे दोन्ही साचे, मेणाची पट्टी, अठ्ठावीस दात. मी रुमाल काढून डोळ्यांवर बांधला. सगळी लॅब थांबली. दिवा फक्त मालकाला पेटवायला सांगितला, बाकी मेण मऊ करण्यापासून सगळं माझं. ताई, दाढा बघून लावतात असं लोकांना वाटतं. दाढा अंगठ्याने लावतात. वरची खालचीत कशी बसते ते बोटाला कळतं. दीड तास लागला, एरवी पाऊण लागतो. मालकाने साचे मिटून पाहिले, उघडले, पुन्हा मिटले. पुढचा एक दात त्याने केसभर सरकवला. मग म्हणाला, "रंग मी बघेन. बाकी तुम्ही बघा."

म्हणजे मी अजून नोकरीत आहे. कॅप गेल्या, कवळ्या राहिल्या.

आता दुसरी गोष्ट, जी तुला मुळीच आवडणार नाही. खालच्या ओळी वाचता येत नाहीत, म्हणून मी जपानी शिकते आहे. ओळी गेल्या तरी कान आहेत ना. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर वर्ग आहे, आठवड्यातून तीन संध्याकाळी. बाकीचे विद्यार्थी एकोणीस-वीस वर्षांचे. पहिल्या दिवशी सगळे उठून उभे राहिले, त्यांना वाटलं नवीन बाई आल्या. मग कळलं तेव्हा मला काकू म्हणायला लागले. मी सांगितलं, काकू घरी, इथे मी तुमच्या वर्गातली आहे. तेव्हापासून मला दातवाली म्हणतात आणि ते मला चालतं.

बोलणं भराभर जमलं. छत्तीस वर्षं कानावर पडलेलं कुठेतरी साठलं होतं, त्याला फक्त नावं द्यायची होती. अक्षरांनी मात्र घाम काढला. त्यांची चित्रासारखी अक्षरं, एकेकात बारा-पंधरा रेघा, माझ्यासमोर नुसता काळा गोळा. शेवटी मी लॅबमधून मेणाच्या पट्ट्या आणल्या आणि अक्षरं कोरायला लागले. कोरलेलं बोटाने वाचता येतं. आमची शिकवणारी तिशीच्या आतली आहे. तिने माझी पट्टी डोळे मिटून चाचपली आणि म्हणाली, तुमची शेवटची रेघ उलट्या दिशेने गेली आहे. मी मेण तापवून पुन्हा कोरली.

जुलैत परीक्षा आहे. मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका मिळते, त्यासाठी अर्ज केलाय. अर्जात वयाचा रकाना होता. तो मी सर्वांत मोठ्या अक्षरात भरला.

धाकटी


६ मे

ताई,

काल भिंगरी लॅबवर आली होती. माझ्या बाकासमोर उभी राहिली तर मी तिला ओळखलं नाही. मावशी, मी आहे, म्हणाली तेव्हा ओळखलं. तीही दचकली. मग आम्ही बाहेर पायरीवर बसलो आणि तिने सगळं सांगितलं.

दोन्ही डोळे. चार वर्षं. कोणालाही न सांगता.

पावलं मोजून दुकानात जात होतीस. फोन येईल तेव्हा आवाजावरून ओळखत होतीस. पुस्तक उघडून मांडीवर ठेवत होतीस आणि कोणी आलं की पान उलटत होतीस. गॅसवर हात भाजला तेव्हा भिंगरीला संशय आला आणि तिने तुला घरी नेलं. तोपर्यंत इंजेक्शनांची वेळ टळून गेली होती. आणि मी तुला लिहिते, दाराच्या चौकटीकडे बघ म्हणून. तुला चौकटच दिसत नव्हती.

मला राग आलाय. तुला दिसत नाही याचा नाही, तो डोळ्यांचा दोष आहे. चार वर्षं तू हे एकटीने दात आवळून सोसलंस आणि मला कळवलं नाहीस, याचा राग आहे. माझा नंबर तुला पाठ होता. तुला सगळ्यांचेच नंबर पाठ असतात.

दुसरं म्हणजे, माझी पत्रं भिंगरी वाचून दाखवते, हे मला काल कळलं. गर्भपिशवीपासून सगळं तिने वाचलं. सासरच्या माणसांचंही वाचलं. ती म्हणाली, ते वाचताना ती थांबली आणि तू म्हणालीस, पुढे वाच.

मग आता जे लिहिते ते तिनेच वाचावं हे बरं. भिंगरे, इथे थांबू नकोस.

तुझ्या लग्नाला मी आले नाही. ताप आला असं कळवलं होतं. ताप नव्हता. मी कपडे करून, पर्स घेऊन, दाराशी दोन तास बसले होते. रिकाम्या फळ्यांकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, माझ्या वस्तू नको होत्या ना, मग मीही नको. वाटलं, ताईला धडा शिकवीन. धडा तुला मिळाला, जिने काहीच केलं नव्हतं. खोकी टाकली ते तुझ्या आईचं चुकलं, आणि लग्नाला आले नाही ते माझं चुकलं. एकाने दुसरं फिटत नाही. मी तुझी माफी मागते. तुझ्या आईची मागत नाही.

हेही तिला वाचून दाखव.

मावशी


२ जून

ताई,

तुझं पत्र मिळालं. तू सांगितलेलं भिंगरीने लिहिलंय, पण पूर्णविराम तुझेच आहेत, ते मी ऐकूनही ओळखीन. इथे वर्गातल्या एका मुलीने मला ते वाचून दाखवलं, तेव्हा आपण दोघी बहिणी आता दोन पोरींच्या तोंडून भांडतो आहोत असं म्हणायला हरकत नाही.

तू लिहिलंस, खोकी टाकताना तुला लाज वाटत होती, माझी नव्हे, लोकांची. आणि त्याबद्दल तू माफी मागणार नाहीस, कारण मागून खोकी परत येत नाहीत. बरं. हे निदान खरं आहे. मी विसरणार नाही आणि तूही तशी अपेक्षा करू नकोस.

पण शेवटची ओळ ऐकून मी त्या मुलीला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावली. तू विचारलंस, कप भरला हे कसं कळतं.

ताई, तू मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी विचारलंस.

कप भरत आला की पाण्याचा आवाज बारीक होत जातो. सुरुवातीला जाड, घोगरा. वर येईल तसा बारीक. आधी गार पाण्याने सवय कर. पंधरा-वीस वेळा ओत, लोक हसले तर हसू दे. बोट कपाच्या कडेवर आतून ठेवायचं, पण तो नंतरचा भरवसा, आधी कान. तुझे कान चांगले आहेत. मागच्या बाकावरची कुजबुज तुला फळ्याकडे तोंड करून ऐकू यायची, असं तुझ्या विद्यार्थिनी अजून सांगतात. आणि भिंगरीला सगळं करू देऊ नकोस. ती प्रेमाने करते, पण प्रेमाने केलेल्या गोष्टीनेही माणूस खुर्चीत बसून राहतो. मालकाने चहा मागवला तेव्हा मी तेच टाळलं.

आता माझं मागणं. त्या पूलवालीच्या मालिकेचा शेवट सिनेमा म्हणून येतोय. चोवीस वर्षांनी शेवट. पंचवीस तारखेला, दुपारच्या खेळाला. मी तुझंही तिकीट काढलंय, भिंगरीचंही. भाषांतर खालच्या ओळींत येणार, त्या तुला दिसणार नाहीत आणि मलाही नाहीत. मी ऐकून तुझ्या कानात सांगेन. सगळं कळेलच असं नाही. जिथे कळणार नाही तिथे कळलं नाही म्हणेन, मनचं घालणार नाही. ते बाविशीत करून झालं.

तू नाही म्हणणार हे मला माहीत आहे. तिकीट परत करणार नाही.

धाकटी


२८ जून

ताई,

सिनेमाहून येताना टॅक्सीत भिंगरी दोघींच्या वतीने बोलत राहिली, म्हणून मला बोलायचं होतं ते राहिलं. ते लिहिते.

तू येशील असं वाटलं नव्हतं. तुला भिंगरीच्या हाताला धरून पायऱ्या चढताना पाहिलं, म्हणजे कडेकडेने पाहिलं, तेव्हा मला आधी पळून जावंसं वाटलं. तू इतकी बारीक कधी झालीस? माझा हात हाताला लागल्यावर तू म्हणालीस, "हात खरखरीत झालेत." प्लास्टरने होतात.

आत सगळी पोरं होती. पूलवालीसारखे कपडे घालून आलेली, पाठीवर हातोडे लावलेली. भिंगरी मला ते सांगत होती तेव्हा माझ्या मनात आलं, आता ताई उठून जाणार. तू विचारलंस, हातोडे खरे आहेत का. मी म्हटलं, पुठ्ठ्याचे. तू म्हणालीस, मग ठीक आहे.

मी सांगायला सुरुवात केली. भराभर बोलत होती ती माणसं आणि मी मागून धावत होते. ती आली, म्हणतेय पूल पडला. म्हातारा म्हणतोय, पडू दे, पलीकडे कोणी राहिलं नाही. इथे मला कळलं नाही. आता ती रडत नाहीये, चिडली आहे. तू मान हलवत होतीस की डुलक्या घेत होतीस, मला दिसत नव्हतं, मी सांगत राहिले.

आणि मग मागच्या रांगेतून एक माणूस म्हणाला, "आजी, गप्प बसा ना. वाचू द्या." मला वाटलं, खरंच आहे त्याचं, त्याने तिकीट काढलंय. मी तुझ्या कानापासून तोंड बाजूला केलं.

तू वळलीस. तुला तो दिसत नव्हता तरी नेमकी त्याच्याकडे वळलीस, आणि शाळेतल्या आवाजात म्हणालीस, "तुम्हाला दिसतंय, तुम्ही वाचा. मला दिसत नाही, ती सांगतेय." आणि मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "पुढे."

पुढचं मी सांगितलं, पण त्यातली एक गोष्ट तुला सांगायची राहिली. पूलवालीला पहिल्या दिवसापासून एकाच बाईने आवाज दिलाय. चित्रातली मुलगी अजून सोळाची आहे. पण तो आवाज आता जाड झालाय, शेवटचा शब्द तुटतो, मध्ये श्वास घ्यावा लागतो. जे वाचत होते त्यांना हे कळलं असेल असं वाटत नाही. मीही चोवीस वर्षं वाचतच होते. ती बाई माझ्याएवढी असणार. रेकॉर्डिंगच्या काचेमागे उभी राहून सोळा वर्षांच्या मुलीसाठी ओरडत असणार, आणि तिलाही कोणीतरी विचारत असणार, या वयात?

बाहेर आल्यावर तू म्हणालीस, तुला आवडलं नाही, गोष्ट फार लांबवली आहे आणि मुलगी उद्धट आहे. मला तुझ्याकडून तेच हवं होतं. कौतुक केलं असतंस तर मी घाबरले असते. मग टॅक्सीत बसता बसता विचारलंस, ही संपली, आता काय करणार.

त्याचं उत्तर आता देते. परीक्षा रविवारी आहे, नापास झाले तर पुन्हा बसेन. आणि काल कामावरून आल्यावर नवीन मालिका लावली. चौदा वर्षांचा रडका नायक आहे, मला अजिबात आवडलेला नाही. त्याचे चारशे भाग होऊन गेलेत आणि अजून तो पहिल्या डोंगरावर चढतोय म्हणतात. मी रोज एक बघणार आहे.

बघू कोण आधी संपतं.

तुझी धाकटी